माझी हनुवटी आणि दोन मशिनं

लेझरची मशिनं बघायचा दिवस ठरला, त्या आठवड्यात मी इतकी हरखले होते की आमटीत मीठ दोनदा घातलं. सासूबाईंनी पहिला भुरका मारला आणि म्हणाल्या, "काय गं, कोकणातनं पाणी आणलंस व्हय?" मी नुसती हसत सुटले. त्या आठवड्यात मला कुणी शिव्या घातल्या असत्या तरी हसूच आलं असतं.

रहिमतपुरात माझं पार्लर होतं, बरीच वर्षं चाललेलं. आयब्रो, वॅक्सिंग, फेशियल आणि लग्नसराईत नवऱ्या नटवायच्या. मग धाकट्या दिरानं सांगलीची मुलगी केली आणि ती निघाली त्वचेची डॉक्टर. आता दोघी जावांची जुंपणार, म्हणून भावकी टपून बसली होती. घडलं भलतंच. पहिल्याच दिवाळीत ती मला म्हणाली, "ताई, पार्लर आणि दवाखाना एकाच छताखाली काढूया? पोरी तुमच्याकडं येतातच, औषधाचं मी बघते." मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. स्टँडजवळ गाळा घेतला, भिंतींना रंग दिला, खुर्च्या आणल्या. राहिलं ते लेझर.

खरं सांगायचं तर लेझरची घाई डॉक्टरपेक्षा मला जास्त होती. कॉलेजात जायच्या आधीपासून माझ्या हनुवटीवर केस येतात. लव नव्हे, केस. काळे, राठ. रोज सगळ्यांच्या आधी उठायचं, मोरीची कडी लावायची आणि रेझर फिरवायचा. नवरा फौजी. सुट्टीवर आला तरी तांबडं फुटायच्या आत पळायला जाणारा माणूस. त्याच्याही आधी उठायचं म्हणजे काय असतं, ते माझं मला ठाऊक. गावभरच्या बायकांचे चेहरे साफ करणारी मी, आणि दिव्याखाली हा असला अंधार. थ्रेडिंग करायचं तर केस थोडे वाढू द्यावे लागतात, तेवढे दिवस तोंड कुठं लपवू? आणि करून तरी कुणाकडून घेऊ? पलीकडच्या गल्लीतल्या पार्लरवालीकडून? मग झालंच. पार्लरमध्ये गिऱ्हाईक उजेडाकडं तोंड करून बसायचं आणि मी उजेडाला पाठ करून उभी राहायचे. घरात सकाळचा चहासुद्धा मी फ्रीजमागच्या कोपऱ्यात प्यायचे. जावेलाही पत्ता लागू दिला नव्हता. डॉक्टर असली म्हणून काय झालं, जाऊ ती जाऊ.

तर मशीन चांगलं निघालं की माझी पहाट सुटणार होती. वाईट निघालं तर पोरींची तोंडं भाजणार, दवाखान्याचं नाव जाणार आणि माझा रेझर माझ्यापाशीच राहणार.

बघून बघून दोन मशिनं उरली होती. एक उंचपुरं, पांढरंशुभ्र, पुढं टीव्हीएवढा पडदा. केस घ्या, डाग घ्या, सुरकुत्या घ्या, सगळं त्यात. दुसरं बुटकं, करड्या रंगाचं, पडदा पोळपाटाएवढा, आणि करणार फक्त केस. माझा जीव अर्थातच पांढऱ्यावर जडला होता. दाराशी ठेवलं तर रस्त्यावरनं दिसेल, एवढं माझं शास्त्र. जावेचा ओढा करड्याकडं होता. ती मला समजावून सांगायची, "ताई, हा उजेड काळं शोधत जातो. गोऱ्या अंगावर केस तेवढा काळा, तो बरोबर सापडतो. आपल्याकडच्या बायका उन्हात रापलेल्या. तिथं उजेड वरच्या कातडीतच अडकला तर केस राहतो बाजूला आणि कातडी भाजते. करड्याचा उजेड म्हणे खोल जातो, आणि त्याचं टोक गार राहतं. पण हे पुस्तकातलं झालं. आपल्या माणसावर कोण बघितलंय?"

यावर मी म्हटलं, "मग बैलासारखं बघूया की!"

माझं माहेर म्हसवडकडचं. वडील मेंढरं आणि बैलं ठेवून होते. जत्रेत झूल घालून, शिंगांना गोंडे बांधून उभा केलेला बैल त्यांनी कधी घेतला नाही. आधी औताला धरून बघायचे. मी एकदा एका देखण्या खोंडासाठी हट्ट धरला, तेव्हा म्हणाले होते, "गोंडं काय नांगरत न्हाईत, पोरी."

मग दोन्ही कंपन्यांना एकाच दिवशी बोलावलं आणि मशिनं शेजारी शेजारी उभी करायला लावली. चाचणीला माणसं आणायचं काम माझ्याकडं. माझ्या गिऱ्हाइकांतल्या दोघी बहिणी तयार झाल्या. ऊसवाल्यांच्या पोरी, हात उन्हानं रापलेले, हवं तसं अंग. बाहेरची माणसं बघायला येणार म्हणून आदल्या संध्याकाळी मी दोघींना बसवलं आणि हातांना असं वॅक्सिंग केलं, असं वॅक्सिंग केलं, की बोट ठेवलं तर घसरावं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतनं मशिनं उतरली. दोन सेल्समन, दोघंही पुण्याचे, टाय लावलेले, एकमेकांकडं न बघणारे. सासूबाई हळदीकुंकू आणि नारळ घेऊनच आल्या. घेतलंय कुठलं ते ठरलं नव्हतं, म्हणून त्यांनी दोन्हींना कुंकू लावलं. "उगं एकाला राग नगं." मी अत्तराच्या दुकानात सोडलेल्या पोरीसारखी इकडून तिकडं पळत होते. जावेनं लेझरसाठीचा काळा चष्मा चढवला, मोठ्या बहिणीचा हात हातात घेतला, खालीवर केला आणि कपाळावर हात मारला.

"ताई, हे काय केलंत?"

"का? चांगलं साफ केलंय की."

"आवं, मुळासकट उपटलंय तुम्ही! उजेड केसातनं मुळापर्यंत उतरतो. मूळच न्हाई तर तो जाळणार काय, तुमचं वॅक्स? रेझर फिरवलेला चालतो, मूळ आत राहतं. वॅक्स चालत न्हाई."

दोघी बहिणी खिदळायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पांढऱ्या मशीनचा सेल्समन लगेच बाही वर करत पुढं आला. "मॅडम, माझ्या हातावर बघा ना." त्याचा हात दुधात धुतल्यासारखा गोरा. हे तर गोंडे लावणंच झालं. जाऊ म्हणाली, "ठीक आहे, आज राहू दे. महिन्याभरानं केस वाढले की परत बोलवू." पण मशिनं परत घेऊन यायला दोघंही तयार नव्हते. चाचणी करायची तर आजच, नाहीतर अशीच निवड करा म्हणाले. जावेनं हताश होऊन पांढऱ्याकडं बघितलं. पांढरंच घेऊया म्हणून तोपर्यंत मीच तिच्या मागं लागले होते ना!

रेझर चालतो. तिचे हे दोन शब्द माझ्या डोक्यात घंटेसारखे वाजत होते. रापलेलं अंग, राठ केस, आणि पहाटेच फिरवलेला रेझर. खोलीत असं माणूस एकच होतं आणि ते भिंतीकडं तोंड करून उभं होतं. भीती वाटली, लाज वाटली, आणि त्या सगळ्याखाली आनंदही वाटत होता, हेही सांगते. कुणाला तरी सांगायचं निमित्त मिळालं होतं.

"पुरुष माणसांनी जरा भाईर थांबा," मी म्हटलं. बहिणींनाही चहाला पाठवलं. सासूबाई मात्र हलल्या नाहीत. मग मी खिडकीपाशी गेले, उजेडाकडं तोंड केलं आणि हनुवटी वर उचलली.

जाऊ जवळ आली. बोटानं चाचपलं. मला वाटलं, आता दया करणार, आणि दया केली असती तर मी तिथनं पळालेच असते. पण ती एकदम उसळून म्हणाली, "काखेत कळसा न् गावाला वळसा! मी अख्ख्या तालुक्यात पेशंट शोधतीय आणि तुम्ही रोज माझ्यासमोर भाकरी थापताय! बसा खुर्चीत. असे केस हार्मोननंही येतात, रक्ताची तपासणीपण करायची आहे, सांगून ठेवते."

तिनं स्वतः मशिनं चालवली. डाव्या बाजूला पांढरं, उजव्या बाजूला करडं, दोन्हीकडं रुपयाएवढीच जागा. आधी दोन्ही टोकांवरचं कुंकू पुसावं लागलं. गार जेली, डोळ्यांवर चष्मा, आणि मग तडतड. डावीकडं फोडणीतली मोहरी अंगावर उडावी तसं झालं, पुन्हा पुन्हा त्याच जागी. उजवीकडं चिमटा बसल्यासारखं, आणि लगेच गार. केस जळल्याचा वास आला. आयुष्यात मला एवढा आवडलेला दुसरा वास नाही.

सासूबाई माझा हात धरून बसल्या होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मला वाटायचं, तू पहाटंची देवाचं कायतरी करतीस."

संध्याकाळपर्यंत डावी बाजू लाल झाली, सकाळी तिथं फोड आला आणि फोड बसला तसा काळा डाग उरला. उजवीकडं काहीच नाही. दोन आठवड्यांनी उजवीकडचे केस टॉवेलवर गळून आले. मी तो टॉवेल घेऊन घरभर नाचले. पांढऱ्याचा सेल्समन फोनवर म्हणाला, "असं सगळ्यांना होत नाही, मॅडम." मी म्हटलं, "सगळ्यांचं ऱ्हाऊ द्या. माझं तोंड बघायला या." तो आला नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, करडं घेतलं. रस्त्यावरनं ते दिसत नाही. आम्ही त्याला आतल्या खोलीत ठेवलंय.

डाव्या बाजूचा डाग पूर्ण निवल्यावर मग तिनं रीतसर माझी सगळी सीटिंगं केली, गोळ्याही दिल्या. किती महिने गेले, मोजले नाहीत. एक दिवस दारावर थापा पडल्या. "आगं, उठतीस का न्हाई? ऊन आलं की दारात!" सासूबाई ओरडत होत्या. मी झोपले होते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. हात सवयीनं हनुवटीवर गेला आणि तिथं त्याला काही सापडलं नाही. उशीत तोंड खुपसून मी ढसाढसा रडले, आणि मग मलाच हसू आलं.

चूळ भरली, चहा घेतला आणि कोपऱ्यात न जाता अंगणात जाऊन पायरीवर बसले, उगवतीकडं तोंड करून. स्कूटरवरनं जाणाऱ्या दूधवाल्यानं रामराम घातला. मी मान वर करून रामराम केला. तेवढ्यात खिडकीतनं जाऊ किंचाळली, "ताई! उन्हात काय बसलाय? क्रीम लावलं का? डाग पडतील!"

"कप संपू दे गं," मी म्हटलं, "मग लावते."