ऑलिंपियातली पुरवणी मागणी

दोन हजार सहाच्या जानेवारीत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, बेलव्ह्यूला आमच्या घरी सरकारी पत्र आलं. माझी मुलगी तेव्हा सव्वादोन वर्षांची होती आणि एक शब्द बोलत नव्हती. कान उत्तम होते, सांगितलेलं सगळं कळायचं, हवं ते बोट धरून ओढत नेऊन दाखवायची. पण तोंड मिटलेलं. राज्याच्या एका योजनेतून दर मंगळवारी एक स्पीच थेरपिस्ट तिच्यासाठी घरी यायच्या. पत्रात लिहिलं होतं की मुलं अंदाजापेक्षा जास्त आली, वर्षाची तरतूद संपत आली. विधिमंडळाने ‘सप्लिमेंटल बजेट’मध्ये वाढीव पैसे दिले नाहीत, तर एप्रिलपासून त्या महिन्यातून एकदाच येतील. योजना होती मूल तीन वर्षांचं होईपर्यंत. म्हणजे आमच्या हातात नऊच महिने होते.

“हे सप्लिमेंटल काय असतं यार?” नवऱ्याने विचारलं. सॉफ्टवेअरवाला, पुण्याचा, त्याला हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

“पुरवणी मागण्या!” मी म्हटलं.

मी नागपूरची. आमच्याकडे डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरतं आणि पुरवणी मागण्या हा शब्द रोज पेपरात येतो. लहानपणी मला वाटायचं, मंत्र्यांचीही परीक्षा असते आणि पेपर भरला की ते हात वर करून पुरवणी मागतात. बाबा पाटबंधारे खात्यात होते. ते म्हणाले होते, “तसंच आहे. फक्त यांना आधी विचारतात, पहिली पानं कुठे गेली?” त्यापुढे मला काही माहीत नव्हतं. मागतं कोण, देतं कोण, नाही म्हणायचा हक्क कुणाला, हे नागपुरात वीस वर्षं राहून मी कधी विचारलं नाही. ते कुतूहल मला परमुलखात, पोटचा गोळा अडचणीत आल्यावर वाटलं.

थेरपिस्टबाईंनीच सांगितलं की समितीपुढे सुनावणी असते आणि तिथे कुणीही जाऊन बोलू शकतं. “कुणीही?” मी तीनदा विचारलं. “नागरिक नसलेलेही?” त्या हो म्हणाल्या आणि साबणाच्या फुग्यांची बाटली मुलीपुढे धरून बसल्या. झाकण घट्ट लावलेलं. त्यांची पद्धतच ती. मूल मागेपर्यंत द्यायचं नाही, नुसतं थांबायचं. मुलगी बाटलीकडे बघत बसली, त्या तिच्याकडे.

मला गाडी येत नव्हती. शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकू, मुंबईच्या, इथे वीस वर्षं काढलेल्या, मला राज्याच्या राजधानीला, ऑलिंपियाला घेऊन गेल्या. “चल, मी ड्राइव्ह करते. पण तिथे जाऊन रडू नकोस हं, टू द पॉइंट बोल,” असं त्यांनी वाटेत दोनदा बजावलं. तिथल्या विधानभवनाच्या घुमटाखाली ना पोलिसांचा वेढा, ना पास, ना ओळखीचा आमदार. सुनावणीच्या खोलीबाहेर टेबलावर एक कागद होता. नाव लिहायचं आणि पुढच्या तीन रकान्यांपैकी एकात खूण करायची: बाजूने, विरोधात, इतर.

मी ‘इतर’वर खूण केली. मला सवयच ती. अमेरिकेत येऊन जेवढे फॉर्म भरले, त्यात आमचा रकाना बहुधा शेवटचाच असायचा. आपण ना नागरिक, ना मतदार, म्हणजे इतर.

आधी बाजूचे आणि विरोधातले बोलले; त्यामुळे माझी पाळी सगळ्यांच्या शेवटी आली, आणि तोवर प्रत्येकाची दोन मिनिटं कापून एक मिनिट झालं होतं. मी रात्रंदिवस घोकलेलं भाषण सुरू केलं. सन्माननीय अध्यक्ष, सन्माननीय सदस्य, आपण अमूल्य वेळ दिलात त्याबद्दल आभार, मी नम्रपणे निवेदन करू इच्छिते... शाळेत अर्ज असाच लिहायला शिकवला होता. समोरचा वेळ दाखवणारा दिवा पिवळा झाला, तरी माझं निवेदन करू इच्छिणं संपेना.

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “मॅडम, तुम्ही ‘इतर’ लिहिलंय. तुम्ही या तरतुदीच्या बाजूने आहात की विरोधात?”

“मी माझ्या मुलीच्या बाजूने आहे,” मी म्हणाले. “ती बोलत नाही.” दिवा लाल झाला.

परतताना मी गाडीत रडले. काकूंनी गाणी लावली.

पुढचा महिनाभर मी घरी बसून विधिमंडळच पाहिलं. राज्याची एक वाहिनी दिवसभर तेच दाखवायची. लोक मालिका बघतात तशी मी समित्या बघू लागले. प्रतिनिधींच्या सभागृहाने आमची तरतूद ठेवली, सेनेटने आपल्या मसुद्यातून ती गाळली. मग दोन्हीकडचे चार-पाच जण बंद खोलीत बसले आणि एकच मसुदा घेऊन बाहेर आले. आमची ओळ त्यात होती. आता दोन्ही सभागृहांनी तो तसाच्या तसा मान्य करायचा, नाहीतर सगळंच मुसळ केरात. माझं मतदानाच्या दिवशी स्वयंपाकात लक्ष नव्हतं. पोळ्या करपल्या, नवऱ्याने तशाच खाल्ल्या आणि ऑफिसला गेला.

दुपारी सेनेटचं मतदान सुरू झालं. एक गृहस्थ एकेक नाव पुकारत होते आणि ज्याचं नाव घेतलं तो ‘आय’ म्हणत होता. आय म्हणजे होकार. नाव, आय. नाव, आय. अगदी वर्गातली हजेरी. मी बोटांवर मोजत होते. एका सदस्याला उत्तर द्यायला वेळ लागला. मुलगी गालिच्यावर ठोकळे रचत होती.

“आय,” ती म्हणाली.

मी टीव्ही बंद केला. पुढचं काहीच ऐकलं नाही. तिने काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठून आली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुन्हा म्हणाली, “आय.”

मी तिला उचलून घेतलं आणि नवऱ्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. “अगं, ती व्होट करतेय,” तो हसत म्हणाला, आणि मग फोन तिच्या तोंडाशी धर म्हणाला.

मसुदा मंजूर झाल्याचं मला संध्याकाळी काकूंकडून कळलं. मंगळवार वाचले. पुढच्या मंगळवारी थेरपिस्टबाईंनी वही काढली, त्यात पहिला शब्द लिहिला आणि विचारलं, याचा अर्थ काय लिहू? सेनेटचं मतदान आणि मराठीतली आई, दोन्ही मी त्यांना समजावून सांगितलं. त्या चकित झाल्या. “मग ती यातलं नक्की काय म्हणाली?”

“ते मला माहीत नाही,” मी म्हटलं. “पण मी ओ दिली.”