अर्धं सोललेलं लिंबू

दिग्रसच्या आमच्या घरी तो एकदाच आला, डिशची वायर दुरुस्त करायला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पकड काखेत धरून दातांनी वायर सोलायची त्याची लकब मात्र लक्षात आहे.

टीव्ही लागला तेव्हा माझी मालिका चालू होती, जुन्या डच आणि फ्लेमिश चित्रकारांवरची. पडद्यावर अर्धं सोललेलं लिंबू होतं. तो पँटला हात पुसत उभाच राहिला.

"काका, हा फोटो नोहे काय?"

"नाही, रंगवलंय. शेकडो वर्षांपूर्वी."

तेवढ्यात आतून बायकोने विचारलं, "काय दाखवतायत?" आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेली बाई, पक्षाघातानंतर पलंगाला खिळली होती. "भाग संपला की मी तिला सगळं सांगतो," मी त्याला म्हणालो.

"सांगून काय होते काका? चित्र हाय थे. पाहाच लागते न!"

मग त्याने वायर आतल्या खोलीपर्यंत ओढली आणि टीव्ही उचलून तिच्या पलंगासमोरच्या टेबलावर ठेवला. "काकू, दिसून राह्यलं न बराबर?"

कित्येक महिन्यांनी तिने चष्मा मागितला. बराच वेळ बघून म्हणाली, "सालीच्या आतला पांढरा बघा. काय हात असेल त्याचा!"

टीव्ही आत न्यायचं मला कधी सुचलं नव्हतं, याची लाज वाटली. त्या डिशवाल्याचा मात्र मी कायमचा ऋणी आहे.

आता मालिका आम्ही दोघं बघतो. मी काही समजावून सांगायला लागलो की ती म्हणते, "गप्प बसा हो, बघू द्या." ते ऐकून मला फार बरं वाटतं.