न पाहिलेल्या गावाची नोंदवही

गावात कोणती झाडं, कोणते प्राणी, कुठले झरे आहेत याची नोंदवही प्रत्येक ग्रामपंचायतीने ठेवायची, असं वरून आलं, तेव्हा त्या भरून देण्याचं काम मी घेतलं. पहिली पिंपळवंडीची. ती बांधाबांधाने हिंडून केली. पुढच्या सगळ्या जुन्नरला खुर्चीत बसून तिच्यावरून उतरवल्या.

त्यात आंबेगावच्या पश्चिमेचं डोंगरातलं एक गाव होतं. तिथली घरं उन्हाळ्यात हिरडा वेचून जगतात. हिरड्यावर आमचं पोट आहे, आपलं जंगल आपण सांभाळू, असा अर्ज गावाने यंदा केला. तालुक्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी तो पडताळायला माझी वही उघडली. त्यात लिहिलं होतं, ‘हिरडा : आढळत नाही.’ अर्ज परत आला.

तो घेऊन गावातली एक साठीची बाई माझ्या घरी आली.

“भाऊ, तुमी कोणच्या वाटंनं आला व्हता? म्या तर पायलं न्हाई.”

“पावसात आलो होतो,” मी म्हणालो.

“मंग लई भिजला असाल.”

दोन दिवसांनी मी खरोखर गेलो. तिने रानभर फिरवलं. कुंपण नाही, खूण नाही, तरी कुठलं झाड कोणत्या घराने वेचायचं ते ठरलेलं. वस्तीलगतच्या झाडाखाली गवताची काडी नव्हती. “ह्ये आंधळ्या म्हातारीचं. ती चाचपून येचती, म्हनून आमी झाडून ठिवतो.” मी लिहीत होतो. चाळिसाव्या झाडाशी वही मिटून खाली बसलो.

“दमला का पावणं? अजून वरचं रान ऱ्हायलंय.”

वही दुरुस्त करायची तर चूक कशी झाली ते लेखी द्यावं लागतं. मी ‘नजरचुकीने’ असं लिहिलं आणि ऑफिसच्या बाकावर तिला वाचून दाखवलं.

“आला न्हवता, आसं लिवा की. खरं त्येच हाय.”

तसं लिहिलं तर माझी प्रत्येक वही उघडली जाणार होती. आणखी कुठे, कशापुढे मी ‘आढळत नाही’ लिहून ठेवलंय, ते मलाच आठवत नव्हतं. मग ती ओळ खोडली आणि लिहिलं : मी या गावात गेलो नव्हतो.

क्लार्कने दोनदा वाचलं. गावाचा अर्ज पुन्हा दाखल करून तिला शिक्क्याची पोच दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “अशा किती केल्यात?”

मी गावं सांगू लागलो, तो लिहून घेऊ लागला. चौथ्या नावाला बाई उठली.

“चालू द्या तुमचं. माझी यस्टी जाईल.”

क्लार्कने पुढची नावं लिहायला कागद उलटला.