जयेशच्या अ‍ॅम्प्लिफायरमधलं हमिंग

आमचे हे, म्हणजे शरदचंद्र, चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात होते. माणूस सज्जन, पण हट्टी म्हणजे किती! एकदा स्वतः केलेली आमटी खारट झाली, तर दोन वाट्या ओरपल्या. पण ‘चुकलं’ म्हणून काही म्हणाले नाहीत.

मित्र म्हणाल तर एकच, जयेश. ह्यांच्याहून बारा वर्षांनी धाकटा, ह्यांना ‘भिया’ म्हणजे थोरला भाऊ म्हणायचा. राजवाड्याच्या मागे त्याचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान. नववीत शाळा सुटलेली, पण हातात जादू होती. त्याची मुलगी निधी गिटार वाजवते. ती एकदा म्हणाली, “मला बाजारातला अ‍ॅम्प्लिफायर नको, तुम्ही दोघं बनवा.” झालं! दर रविवारी दहा वाजता हे जयेशच्या घरी हजर. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह पेटायचे ना, तसले व्हॉल्व्ह लावून दोघांनी सहा महिन्यांत अ‍ॅम्प्लिफायर उभा केला.

आवाज गोड निघाला. पण गिटार थांबली की आतून घूंऽऽ सुरू. त्याला हे लोक हमिंग म्हणतात.

त्या दिवशी मीही तिथे होते. जयेश म्हणाला, “शरद भिया, अर्थिंग शायद दोन जागी लागलंय. एकाच जागी पाहिजे.”

“माझ्या वायरिंगला नावं ठेवू नकोस. तुझा ट्रान्सफॉर्मर भंगारातला आहे, तो बदल.”

“एकदा बघून तर घ्या ना, भिया.”

“नववी नापास माणसानं मला अर्थिंग शिकवायचं नाही!”

निधीसमोर बोलले हो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जयेशनं हातातला पेचकस खाली ठेवला आणि चहा टाकायला आत गेला. हे चहा न घेताच उठले.

पुढच्या रविवारी गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी भांड भांड भांडले. “अहो, जा की! निदान फोन तरी करा.” तर म्हणे, “त्यानं करावा.” अशी दिवाळी गेली, संक्रांत गेली. आणि एका मंगळवारी दुकानातच जयेशच्या छातीत कळ आली नि तो गेला. स्मशानात हे सगळ्यांच्या मागे उभे होते, पुढे जायची हिंमत झाली नाही.

वर्ष भरत आलं तेव्हा निधी तो अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आली. “काका, वर्षश्राद्धाच्या दिवशी संध्याकाळी बाबांची मित्रमंडळी येणार आहेत. मला ह्याच्यावरच वाजवायचंय. हमिंग तेवढं काढून द्याल?”

ह्यांनी आधी काय केलं असेल? ट्रान्सफॉर्मरच बदलला! वर्ष झालं तरी तेच डोक्यात. घूंऽऽ तसंच. मग कपॅसिटर बदलले. तरी तसंच. शेवटी रविवारी दुपारी बंद करून पहिला व्हॉल्व्ह काढला, पुन्हा चालू केलं, तर घूंऽऽ बंद. म्हणजे दोष त्याच्या आधीच, गिटारची पिन जाते त्या सॉकेटपाशी. तिथे एक बारीक काळी वायर सोल्डरिंगचा डाग देऊन डब्याच्या पत्र्याला जोडलेली होती. जास्तीची. खात्यातली सवय; धातूची वस्तू दिसली की हे तिला वेगळं अर्थिंग देणार. डाग ह्यांच्याच हातचा होता.

मी समोर मटार सोलत बसले होते. ह्यांनी वायर कापली, व्हॉल्व्ह परत लावला, चालू केलं. घूंऽऽ गेलं होतं.

“जयेश बरोबर होता, रमा.”

चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ऐकलं मी हे. आणि मला इतका राग आला! “मला काय सांगता? ज्याला सांगायचं त्याला...” हे लहान मुलासारखे रडले.

संध्याकाळी निधी आली. ह्यांनी ती कापलेली वायर तिच्यासमोर धरली. “चूक माझी होती, बेटा. तुझे बाबा बरोबर होते.”

“मला माहीत आहे, काका,” ती म्हणाली. “तुम्ही रागावून गेलात, बाबांनी त्याच आठवड्यात मला ही वायर दाखवली होती. मी म्हटलं, मग कापून टाका ना. तर म्हणाले, शरद भियांनी लावली आहे, तेच काढतील. या रविवारी येतील बघ.”

ह्यांनी वर पाहिलं नाही.

“दर रविवारी दहा वाजता बाबा सोल्डरिंग तापवून बसायचे. अकराला बंद करायचे.”

“शेवटच्या रविवारीपण?” ह्यांनी विचारलं.

“हो, काका. त्या दिवशी तर एक वाजेपर्यंत.”