मातीची पट्टी आणि माझं माहेरपण

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पित्ताचा भारी त्रास. घाटावरच्या कुठल्याशा निसर्गोपचार आश्रमात पंधरा दिवस राहून आले आणि पित्त बरं झालं, हे मी खोटं कशाला सांगू? पण पित्त गेलं नि तत्त्वं आली. पित्त एकट्या त्यांनाच होतं, तत्त्वं घरादाराच्या बोकांडी बसली.

शरीर पंचमहाभूतांचं, तेव्हा औषधही पंचमहाभूतांचंच, असं ते सांगत. पृथ्वी म्हणजे पोटावर मातीची पट्टी. पाणी म्हणजे टबात बसून कटिस्नान. टब कुठला, लोखंडी पिंप अर्धं कापलेलं! एकदा त्यात असे अडकले की वाडीतल्या दोन गड्यांनी ओढून काढले. तेज म्हणजे उन्हात पडणं, वायू म्हणजे उघड्या अंगाने फिरणं, आणि आकाश म्हणजे उपास. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा आकाश असायचं. "रोग एका अवयवाला होत नाही, अख्ख्या माणसाला होतो," हे त्यांचं पालुपद. मग अख्ख्या माणसाचा चहा बंद, मीठ बंद, मासळी बंद. वसईत राहून, हाकेच्या अंतरावर मिठागरं असताना, आम्ही बिनमिठाचा दुधी खातोय! दारावरची कोळीण सासूबाईंना विचारायची, "काय गो बाय, घरात कोन गेलाबिला काय?"

अशात मला दिवस गेले. मामंजी हरखले आणि गावभर सांगून आले की सुनेचं बाळंतपण निसर्गोपचाराने, आपल्याच घरात होणार. आता पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगाची रीत. पण ते म्हणाले, "माहेरी काय, तूप आणि डिंकाचे लाडू चारून पोरीचं पोट बिघडवतील." माझ्या तोंडचं पाणी पळालं. एकोणीस वर्षांची होते हो मी. बाळंतपण कशाशी खातात ते ठाऊक नाही, आणि धीर द्यायला कोण, तर कटिस्नानाचं पुस्तक हातात धरलेले सासरे! मला माझी आई हवी होती. मागीलदारी केळीत जाऊन रडायची मी. सासूबाई बघायच्या, त्याही डोळे टिपायच्या, पण नवऱ्यापुढे ब्र काढायची त्यांची छाती नव्हती.

सातव्या महिन्यात निरोप आला की वडील तुळिंजहून बैलगाडी घेऊन मला न्यायला येताहेत. "येऊ देत की," मामंजी म्हणाले. "तोंडावर नाही म्हणून सांगतो."

त्या सकाळी पट्टीची माती आणायचं काम माझ्याकडे होतं. माती हातभर खोल खणून काढलेली, स्वच्छ हवी, असा नियम. मला वाकवत नव्हतं, म्हणून केळीच्या बुंध्याजवळची भुसभुशीत माती वरवर खरवडून आणली. आमच्याकडे केळीला सुक्या मासळीचं खत घालतात, आणि ते चारच दिवसांपूर्वी घातलेलं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वास आला होता, नाही कसा? पण मासळीला मी इतकी आसुसलेली, की मला तो छानच वाटला. मामंजींनीही नाक मुरडलं नाही. माती जितकी उग्र तितकी गुणकारी, म्हणाले.

अंगणात चटई टाकून ते उताणे पडले. पोटावर चिखलाचा जाड थर, डोळ्यांवर दुसरी पट्टी. अर्धा तास हलायचं नाही, बोलायचं नाही, हा आश्रमाचा दंडक. आधी आमचं मांजर आलं. मग शेजारचं. बघता बघता पाच जमली, आणि एक तर पोटावर चढून चाटायलाच लागलं! मामंजींची मिशी थरथरतेय, पोट गदगदतंय, पण तोंडातून आवाज म्हणून नाही. धन्य तो माणूस.

बऱ्याच वेळाने गाडी दारात आली. वडील अंगणात शिरले आणि जागीच थबकले.

"व्याह्यांना काय झालं?"

"पृथ्वी," सासूबाई म्हणाल्या.

वडिलांना ओ की ठो कळलं नाही, पण माणूस रीतीचा. मांजरांसमोर हात जोडून म्हणाले, "व्याही, सातवा लागला. पोरीला न्यायला आलोय. नेऊ ना?"

उत्तर नाही.

"रागावलात काय? बोला की कायतरी."

तेव्हा पंचवीस वर्षं नवऱ्यापुढे मान खाली घालणारी माझी सासू ठसक्यात म्हणाली, "मौन म्हणजे संमती. ऊठ गं, तुझं बोचकं घे." बोचकं त्यांनी आधीच बांधून ठेवलं होतं!

मी पाया पडायला वाकले, तसा मामंजींनी हात वर केला. मांजर हाकलायला की आणखी कशाला, देव जाणे. "बघा, आशीर्वादही दिला!" सासूबाईंनी जाहीर केलं, आणि मला जवळजवळ ढकलतच गाडीत बसवलं.

मुलगी झाली. आईच्या हाताखाली, सुखरूप. बारशाला मामंजी आले तेव्हा मी आईच्या आड सरकले. बायका पांगल्यावर ते पाळण्याशी येऊन बसले. नातीच्या मुठीत बोट दिलं आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "तुझे वडील आले तेव्हा अर्धा तास केव्हाच संपला होता, पोरी. तोंड उघडलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं. गावभर सांगून बसलो होतो ना."