बिनकामाचे सहा दांडे

यशवंतपूरच्या घाऊक बाजारातल्या एका शेडचं छप्पर माझ्या हातचं आहे. आज त्याखाली कांद्याची पोती उतरतात, छप्पर ठणठणीत आहे. तरी त्या बाजूला जायची वेळ आली की मी रिक्षावाल्याला लांबचा रस्ता घ्यायला सांगते.

मी मूळची नागपूरची, नोकरीसाठी इकडं कन्नड मुलखात आलेली. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. इमारतीचा सांगाडा कॉम्प्युटरमध्ये उभा करायचा, त्यावर वाऱ्याचा, पत्र्यांचा, माणसांचा भार टाकायचा आणि प्रोग्रॅमला सांगायचं की यातलं जे लोखंड काम करत नाही ते काढ. तो हजारो वेळा आकडेमोड करतो. ज्या दांड्यावर भार येत नाही तो स्क्रीनवर आधी बारीक होतो, मग राखाडी, मग दिसेनासा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच नव्हते, इतकं सुंदर वाटलं होतं.

त्या शेडच्या एका टोकाला जुनी काँक्रीटची इमारत होती. छप्पर तिला जोडलेलं, त्यामुळे लांबीच्या दिशेचा सगळा धक्का ती इमारत झेलत होती. छपराच्या लोखंडी कैच्यांना, म्हणजे पत्रे पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांना, एकमेकींशी बांधणारे सहा तिरपे दांडे प्रोग्रॅमला बिनकामाचे वाटले आणि गेले. मी हातानंही गणित करून पाहिलं. चूक नव्हती. निकाल मान्य करून मी ड्रॉइंग पाठवून दिलं.

लोखंडकाम ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडं येऊन राहिलेलं. घरात मराठी, कामगारांशी कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ तोंडात. मी त्यांच्या निम्म्या वयाची, तरी मला अक्का म्हणायचे. ड्रॉइंग घेऊन ते स्वतः ऑफिसात आले.

“अक्का, इथले तिरपे दांडे कुठं गेले?”

“त्यांच्यावर भारच येत नाही, अण्णा. छप्पर त्या इमारतीला धरून उभं राहतं.”

“सरी, बरोबर. पण क्रेन त्या बाजूनं आत येत नाही. मी ह्या टोकाकडनं उभं करत जाणार. इमारतीपर्यंत पोचेतोवर माझ्या कैच्या कुणाला धरून राहायच्या?”

“तोवर दोर बांधून ताण द्या. मी ड्रॉइंगवर तशी टीप घालते.”

“दोर बांधीन की. पण दांडा तो दांडा. स्वल्प विचार करा.”

मी विचार केला, पण दांड्यांचा नाही. आमचं छप्पर किती हलकं आहे हे मी आदल्याच आठवड्यात शेडच्या मालकासमोर मिरवलं होतं, त्याचा केला. टीप घातली आणि पुढच्या कामाला लागले.

उभारणीच्या चौथ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते, कट केला. लगेच पुन्हा आला, पुन्हा कट केला. नंतर करू म्हणून राहूनच गेला. दुपारी साइटवरच्या आमच्या माणसाचा फोन आला. वारा सुटला होता. एका दोराची खुंटी जमिनीतून उपटून आली आणि तीन कैच्या एका अंगानं कलत गेल्या. कामगारांना अण्णांनी आधीच खाली उतरवलं होतं. दुसरा दोर आवळायला ते स्वतः वर चढले होते, ते कैच्यांबरोबर खाली आले.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात ते वारले.

चौकशी झाली. खुंटी पुरेशी खोल नव्हती असं ठरलं. माझी टीप ड्रॉइंगवर होतीच. आमचं मॉडेल पुन्हा चालवून पाहिलं गेलं. डिझाइनमध्ये दोष नाही असा शेरा आला. माझे साहेब म्हणाले, “सुटलो.” मी मान हलवली.

त्यानंतर भर दुपारी, चाळीस माणसांच्या ऑफिसात, मला अण्णा दिसायला लागले. प्रोग्रॅम चालू केला की एखादा दांडा राखाडी होई आणि त्यावर पाय सोडून बसलेला माणूस दिसे, हातात पाना. दांडा पुसट होत जाई, माणूस हलत नसे. मी रन थांबवून पाणी प्यायला जाई. फोन वाजला की आधी त्यांचंच नाव शोधी.

महिन्याभरानं त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीनं कॉफी पुढं ठेवली.

“त्या सकाळी त्यांनी मला दोनदा फोन केला होता,” मी म्हणाले. “मी घेतला नाही. कशासाठी असेल, तुम्हाला ठाऊक आहे का?”

त्यांनी आठवून पाहिलं. “दोराचं असंल. न्हाई तर लेकीचं लग्न ठरलेलं सांगायला. त्या सकाळी सगळ्यांनाच लावत होते.”

मग मी सहा दांड्यांचं सांगितलं.

“मला म्हणाले होते,” त्या म्हणाल्या. “अक्कानं ऐकलं न्हाई म्हणून.” आवाजात राग नव्हता. असता तर मला तिथं बसणं सोपं गेलं असतं. “कॉफी गार होतीय, घ्या.”

आता मी उभारणीचा एकेक दिवस वेगळी इमारत समजून प्रोग्रॅमला देते. पहिली कैची एकटी, मग दोन, मग तीन, आणि प्रत्येकीवर वारा. मग तिरपे दांडे जात नाहीत, वजन मात्र वाढतं. साहेब आधी कुरकुरले. मी म्हटलं, असं नसेल तर माझी सही नाही. काही कामं ते तशी होऊ देतात, काही दुसऱ्या टेबलावर पाठवतात. तिथं काय राखाडी होतं ते मी विचारत नाही, आणि न विचारल्याचंही मला बरं वाटत नाही.

माझ्या कामांच्या उभारणीला मी जाते. कुणी बोलावलेलं नसतं. कामगार प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवतात. पण वर माणसं असेपर्यंत मला बसवत नाही.