शिडीपर्यंतचं तिकीट

भारतातल्या विमानप्रवासाच्या सुरक्षिततेसाठी ज्यांनी उमेदीची वर्षं वेचली, त्यांत माझ्या थोरल्या साडूंचं नाव आदरानं घ्यावं लागेल. ते स्वतः विमानात कधी बसले नव्हते. गंगापूरच्या शाळेत ते चित्रकलेचे मास्तर होते आणि माणसांना पोचवायला जाणं हा त्यांचा धर्म होता. कुणाच्या मेव्हण्याचा शेजारी जरी मुंबईला उडणार असला, तरी हे जीपमध्ये दाटीवाटीनं बसून चिकलठाण्याच्या विमानतळावर हजर. त्या काळी पोचवणारा थेट विमानाच्या शिडीपर्यंत जाई. साडू शिडीचा कठडा हलवून बघत, चाकांकडं वाकून पाहत, आणि कुणाचं मूल बरोबर असलं तर त्याला खिडकीपाशी बसवा म्हणून हवाई सुंदरीला बजावत. एका दसऱ्याला त्यांनी शिडीला झेंडूचं तोरण बांधलं. वैमानिक ते बघून खाली आला, हात जोडून उभा राहिला, तेव्हा हे म्हणाले, "सावकाश न्या. घाई कुणालाच नाय."

मग कुठल्याशा विमानात एका इसमानं रुमालात गुंडाळलेली वस्तू रोखून विमान परदेशी वळवायचा हुकूम सोडला. वैमानिकानं गोड बोलत ते ठरल्या जागीच उतरवलं. रुमालातून कंगवा निघाला. इसम तुरुंगात गेला, आणि कंगव्याची शिक्षा आमच्या साडूंना झाली. आमच्या विमानतळावर वाळूची पोती आली, बंदूकधारी शिपाई आले, आणि तिकिटाशिवाय आत सोडणं बंद झालं. दारावर अडवलं तेव्हा साडू समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो, मी पोचवायला आलोय, पळवायला नाय." हवालदार भला माणूस होता. म्हणाला, "मास्टरसाब, तुमकू कौन नइं पैचानता? लेकिन ऊपर से हुकूम है. जिसके पास टिकट, वोइच अंदर."

नेमकी त्याच महिन्यात त्यांची लेक मुंबईमार्गे मस्कतला नवऱ्याकडं निघाली. दोन वर्षं यायची नव्हती. उभ्या तालुक्याला शिडीपर्यंत पोचवायचं आणि पोटच्या पोरीला पोत्यांआडून हात हलवायचा, हे काही त्यांच्या गळी उतरेना. चार दिवस धड जेवले नाहीत. पाचव्या दिवशी हसत माझ्याकडं आले आणि म्हणाले, "साडूभाऊ, तिकीट काढलं." मला वाटलं, मुंबईपर्यंत सोडून येणार असतील.

त्या दिवशी मी जाळीबाहेर उभा होतो. साडू झडती देऊन लेकीबरोबर शिडीपाशी गेले, कठडा हलवून पाहिला, तिच्या हातात डबा दिला, डोक्यावरून हात फिरवला आणि शांतपणे परत फिरले. तिकीट काढून, झडती देऊन माणूस ऐनवेळी विमानात बसत नाही, याचा सुरक्षेच्या नव्या शास्त्रात एकच अर्थ होता. दोन बंदुका त्यांच्याकडं वळल्या. बसायचं नव्हतं तर तिकीट कशाला काढलं, असं अधिकाऱ्यानं दरडावून विचारलं. साडू म्हणाले, "तुमचाच हवालदार म्हणाला, तिकीटवाल्यालाच आत सोडतो. मी विमानात बसतो असं कुठं म्हणालो?"

सगळे उतारू खाली उतरवले गेले. सामान उन्हात मांडलं, ज्यानं त्यानं आपापली बॅग ओळखायची. सर्वांत मोठा संशय डब्याचा. त्यात धपाटे आणि ठेचा आहे हे लेकीचं सांगणं पुरेना. अधिकाऱ्यानं साडूंना स्वतः खाऊन दाखवायला लावलं. त्यांनी एक धपाटा खाल्ला, दुसरा लेकीला दिला. मग विमानाच्या पंखाच्या सावलीत बापलेक फतकल मारून बसले आणि निवांत जेवले. ती काहीतरी सांगत होती, ते मान डोलवत होते. जाळीबाहेर काही ऐकू येत नव्हतं. साडू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण दोन मिनिटांत उरकायचा निरोप पावणेदोन तास पुरवून घेतलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मुंबईत उतारूंना घ्यायला आलेल्यांना उशिराचं कारण सांगण्यात आलं: तांत्रिक बिघाड.